टोक धरणारी आत्या

दोरखान्यात आत्याला सगळेच आत्या म्हणायचे. भाची म्हणायची ते ठीकच. पण चाक फिरवणारे काका, ज्यांच्या मिशा आत्याच्या केसांच्या कितीतरी आधी पांढऱ्या झाल्या होत्या, तेही म्हणायचे. "आत्या, करू का सुरू?" असं ते विचारायचे आणि त्यांच्या छातीतून चाकासारखीच घरघर यायची. म्हणून ते घरघर काका. चाकाला तेल घातलं की ते गप्प व्हायचं. काकांना कितीही चहा पाजा, काही उपयोग नसे.

दोरखाना म्हणजे भिंती नसलेलं एक लांबच लांब छप्पर. या टोकाला सांगितलेला विनोद त्या टोकाला पोचेपर्यंत शिळा व्हायचा. एका टोकाला चाक आणि त्याचे लोखंडी आकडे. दुसऱ्या टोकाला घोडी, म्हणजे दगड लादलेली, जमिनीवरून घसरणारी लाकडी चौकट. दोन्हींच्या मध्ये तागाचे तीन पदर ताणलेले. चाक फिरलं की पदर एकमेकांना मिठी मारतात आणि दोर होतो. आणि दोर होता होता आखूडही होतो, म्हणजे घोडीला पुढे ओढतो. नुसते दगड असले तर घोडी हिसक्या-हिसक्यानं सरकते आणि दोर गाठाळ होतो. म्हणून घोडीमागे एक माणूस लागतं, कमरेला पट्टा अडकवून मागे रेललेलं. त्यानं धरायचंही आणि पावलापावलानं सोडायचंही. हे माणूस म्हणजे आत्या. लहानपणापासून तीच. इतकी वर्षं रेलून रेलून तिची सवयच झाली होती. स्वयंपाकघरातसुद्धा ती किंचित मागे झुकून उभी राहायची, जणू ओट्यानं तिला ओढायचा घाट घातलाय.

पाऊल कधी सोडायचं ते गाणं सांगे. गाणं आत्या म्हणायची, बाकीचे मागून म्हणायचे, आणि प्रत्येक ओळीला एक पाऊल.

आभाळ निघालं, होडी जशी,
अडवावी कोणी, धरावी कशी?
धर गं लेकी, टोक हे धर,
येतो मी बांधून आभाळ वर.

गोष्ट अशी की अगदी सुरुवातीला आभाळ जमिनीला बांधलेलंच नव्हतं. ते वाऱ्यानं वाहून जायला लागलं. तेव्हा पहिल्या दोरवाल्यानं दोर वळला, त्याचं टोक थोरल्या लेकीच्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन तो आभाळाकडे गेला. तो अजून यायचाय. ती अजून धरून उभी आहे. म्हणून आभाळ जागेवर आहे.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात. इथं तर स्वर्गालाच सुतानं खाली बांधून ठेवलेलं. आणि एकदा बांधला तो बांधलाच. गावात कोणी खोटं बोलतंय असं वाटलं की म्हणत, "धर बघू टोक आणि मग बोल." आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला शेजारीण म्हणे, "टोक सोडू नकोस हं." घंटाघरातली प्रार्थना संपली की सगळे मूठ आवळून छातीशी धरत. आणि दोरखान्याच्या घरातली थोरली लेक टोक धरायची आणि घर सोडायची नाही. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर कोणी खोडलं तरी असतं. हे गाण्यात होतं.

आत्याच्या तरुणपणी एक होडीवाला यायचा. त्याला दोर फार लागत. होडी एवढीशी आणि दोर इतके की होडीत बसायला जागा उरू नये. "परवाचा कुठं गेला?" आत्या विचारायची. "कुजला," तो म्हणायचा. "परवाचा?" "पाणीच तसं आहे." शेवटी एक दिवस तो आत्याच्या वडलांसमोर बसला आणि त्यानं विचारलं. वडील रागावले नाहीत. त्यांनी फक्त घोडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मग तिथं कोण?" होडीवाल्यानं घोडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि जाताना आणखी एक दोर घेऊन गेला. वडील पुढे वारले. 'मग तिथं कोण'च्या पुढे या विषयावर ते कधी काही बोलले नाहीत.

वडलांनंतर दोरखाना आला आत्याच्या धाकट्या भावाकडे. भाऊ चांगला आडवातिडवा, डोक्यावर टक्कल, पण आत्या त्याला बाळ म्हणायची आणि तो तिला ताई. बाळची एक तऱ्हा होती. काहीही बोलायचं असलं की तो आधी म्हणायचा, "हे बघ ताई, मी काही बोलत नाही." मग तो बोलायचा. चांगला चहा निवेपर्यंत बोलायचा. आणि दोरवाल्यांची सगळी पोरं सूत कातताना उलटं चालायला शिकतात, तसा तोही भांडण संपलं की तोंड समोर ठेवून, बोलत बोलत, उलट्या पावलांनी खोलीबाहेर जायचा. उंबरठ्याला टाच लागली की वाक्य संपवायचा.

बाळला एकच मुलगी. लहानपणी एवढीशी होती म्हणून चिमणी. आता चिमणीशी बोलायला मान वर करावी लागायची, पण नाव काही वाढलं नाही. तिला धक्क्यावरच्या मोटरबोटींचं वेड. घरात बसल्या बसल्या ती म्हणायची, "ती बघ, पलीकडची आली. घरघर काकांसारखी खोकतेय. नळीत कचरा असणार." आणि असायचा. नदीच्या तोंडाशी बोटी दुरुस्त करायची गोदी होती. तिथल्या मिस्त्रीणबाईंनी तिला शिकायला ये म्हणून सांगितलं होतं. मात्र लगेच यायला हवं होतं, नंतर जागा राहणार नव्हती.

आणि नेमका तेव्हाच घंटाघराचा दोर आला. मोठ्या घंटेचा दोर पिढीत एकदाच वळला जातो, आणि रीत अशी की तो वळताना जुनी टोक धरणारी शेवटच्या कडव्याला पट्टा नव्या मुलीच्या कमरेला अडकवते. सगळ्यांसमोर. एकदा अडकवला की झालं.

"हे बघ ताई, मी काही बोलत नाही," बाळ म्हणाला, "पण तुझे गुडघे आता पाऊल टाकताना कुरकुरतात ते मला पार चाकापाशी ऐकू येतं. चिमणीनं धरायला हवं. गोदीबिदी ठीक आहे, मी काय नको म्हणतोय? पण मग तिथं कोण?"

आत्यानं चमकून पाहिलं. तेच शब्द, तोच सूर, बोटही तसंच पुढे. आपण वडलांची नक्कल केली हे बाळच्या गावीही नव्हतं. टाच उंबरठ्याला लागली आणि तो बाहेर गेला. बाळची बायको, म्हणजे वहिनी, ओट्यापाशी होती. ती म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि यांचा तर सुंभही अजून शाबूत आहे."

संध्याकाळी चिमणी आत्याच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसली.

"आत्या, तू सांग. तू सांगशील तर धरीन मी."

"बापाला काय म्हणालीस?"

"त्यांना नाही म्हटलं. त्यांना नाही म्हणता येतं. तुला नाही येत."

"का गं? मी काय वाघ आहे?"

"तू इतकी वर्षं उभी राहिलीस आणि मी सरळ निघून जायचं? कसं दिसतं ते?"

आत्यानं पाय आखडून घेतला. "जोरात चोळतेस," ती म्हणाली. पोरीचा हात खरं तर हलकाच होता.

ती एकटी दोरखान्यात जाऊन घोडीवर बसली. चिमणीला जा म्हणणं अवघड नव्हतं. जीभ उचलली की झालं. पण मग हे सगळं काय होतं? मुलगी गेली, घोडीमागे कोणी नाही, आणि आभाळ आपलं जागच्या जागी. तर मग आपण कशासाठी उभ्या होतो? होडीवाल्याचा दोर खरंच कुजत होता का, एवढं विचारायलासुद्धा आपण पट्टा सोडला नाही. तिला रडू आलं नाही. तिला भीती वाटली, आपलंच घर अंधारात चाचपडताना एखादी भिंत हाताला लागूच नये तशी.

तेव्हा तिला कुत्रा आठवला.

गाण्यात मध्येच एक कुत्रा आहे. "हाड रे कुत्र्या, वाटेतनं हल, पीळ माझा बिघडेल, बाजूनं चल." आभाळाच्या गोष्टीत कुत्रा कुठून आला? घंटाघराचे गुरुजी यावर दरवर्षी प्रवचन करायचे. हात पसरायचे, डोळे मिटायचे, आवाज विहिरीत सोडायचे: "कुत्राऽऽ. कुत्रा म्हणजे काय? कुत्राऽऽ म्हणजे मनातला संशय." लोक माना डोलवायचे. एका म्हाताऱ्याला तर दरवर्षी रडू यायचं. आत्याला मात्र तिच्या आजीनं सांगितलं होतं की कुत्रा म्हणजे खाटकाचा लाल्या. दोर चालू असताना तो मध्ये शिरला. गाणं थांबवलं तर ताल जातो, ताल गेला तर दोर जातो, म्हणून तेव्हाच्या टोक धरणारीनं त्याला तालातच हाकललं. बाकीच्यांनी सवयीनं मागून म्हटलं. दोर पक्का निघाला. आणि दोरखान्याचा नियमच होता: दोर वळताना जे म्हटलं आणि तो दोर टिकला, ते गाण्यात राहिलं. म्हणून लाल्या राहिला.

आत्या घोडीवर बसल्या बसल्या हसली. मग हसायची थांबली. तिनं जमिनीकडे पाहिलं. घोडी घसरून घसरून तिथं एक लांब चर पडला होता आणि चराच्या दोन्ही अंगांना तिच्याच टाचांचे खळगे होते. सगळे खळगे चाकाकडे जात होते. गाणं म्हणत होतं की ती एका जागी उभी आहे. टाचा काही वेगळंच म्हणत होत्या.

दोराच्या दिवशी निम्मं गाव आलं. गुरुजींना बसायला खुर्ची दिली होती, आणि ते ती संशयानं हलवून बघत होते. वहिनीनं चिमणीला नवे कपडे घातले होते; चिमणी त्यात खुंटीला टांगल्यासारखी उभी होती, आत्याच्या शेजारी, ठरल्या जागी. बाळनं भोवरा घेतला. भोवरा म्हणजे खाचा पाडलेला लाकडी गोळा. तिन्ही पदर त्याच्या खाचांतून जातात, आणि तो घेऊन घोडीपासून चाकापर्यंत सावकाश चालायचं. मागे दोर होत जातो. भोवरा हातात असला की दुसरं काही करता येत नाही. नाक खाजलं तरी नाही.

"आत्या, करू का सुरू?" घरघर काकांनी पार तिकडून विचारलं.

"करा."

चाक फिरलं. आभाळ निघालं, होडी जशी. सगळ्यांनी मागून म्हटलं. आत्या रेलली, पट्टा कमरेत रुतला, टाच सुटली. बाळ भोवरा घेऊन पुढे पुढे गेला. ऊन अंगावर, वारा अंगावर, बापाची वाट आणि टोक हातावर. लाल्या आला, हाकलला गेला, गुरुजींनी डोळे मिटून घेतले. बाळ चाकाजवळ पोचत आला तेव्हा शेवटचं कडवं उरलं. त्यात फक्त "धरलंय, धरलंय" एवढंच होतं, पुन्हा पुन्हा, आणि तेवढ्यात पट्टा बदलायचा.

चिमणीनं हात पुढे केले.

आत्यानं पट्टा काढला नाही. तिनं श्वास घेतला आणि म्हटलं:

धर म्हणाला, बाप गेला,
सोड म्हणायचा राहून गेला.

घरघर काकांनी मागून म्हटलं. ते आयुष्यभर आत्याच्या मागून म्हणत आले होते. काय म्हणतोय हे त्यांना ओळ संपल्यावर कळलं. बाकीचेही म्हणाले, अडखळत. बाळची ओळ सुटली. भोवरा त्याच्या हातात थबकला आणि सगळ्या दोरातून एक हिसका आला. तो आत्याला कमरेत जाणवला. आणखी एक असा हिसका बसला असता तर दोर गेला असता. तिनं सगळं अंग मागे टाकलं, घोडी धरली, आणि पुढची ओळ ओढून लांबवली, भावाला ताल सापडावा म्हणून. लहानपणी रस्ता ओलांडताना हात लांबवायची तशी.

पाऊल सोडलं, पीळ बसला,
पाऊल सोडलं, दोर झाला.

बाळकडे दुसरा उपाय नव्हता. हातात भोवरा, पायात ताल, आणि ताल फक्त गाण्यात. त्यानं तोंड उघडलं. आधी नुसता आवाज आला, मग शब्द आले. एक ओळ सुटली होती, ती त्यानं मागाहून म्हटली, एकट्यानंच: "सोड म्हणायचा राहून गेला."

बांध गं खुंट्याला टोक हे आता,
जा तुझ्या वाटेनं, भार नाही माथा.

हे सगळ्यांनी म्हटलं. चाक थांबलं. छपराखाली इतकी शांतता झाली की फक्त काकांची छाती ऐकू येत होती. चिमणीचे हात अजून पुढेच होते. आत्यानं त्यात पट्टा दिला नाही, आपला हात दिला, आणि म्हणाली, "आधार दे जरा. गुडघा अडकलाय."

पण नियम अर्धाच झाला होता. दोर टिकायला हवा होता. दोर छपराच्या मोठ्या तुळईला टांगला, खाली दगडांची जाळी अडकवली, आणि दिवस मावळेपर्यंत तो टिकतो का ते बघत लोक बसले. आत्याही बसली. एवढ्या वर्षांत दोर टांगलेला असताना ती कधी बसली नव्हती, त्यामुळे हात कुठं ठेवायचे ते तिला कळेना. त्या एका हिसक्याची जागा तिला माहीत होती. दोराच्या वरच्या अंगाला, हातभर. ती तिथंच बघत राहिली.

दुपार उतरली. दोर जरासा कण्हला आणि थांबला. मग बाळ उठला. कोपऱ्यात घोडीचे दगड होते. त्यातला सगळ्यात मोठा त्यानं पोटाशी धरून आणला.

"अहो," वहिनी म्हणाली, "ठरल्याएवढे घातलेत की."

बाळनं ऐकलं नाही. दगड जाळीत टाकला. दोर ताठला. रागावला, आत्याला वाटलं; तोडून दाखवणार. बाळ परत गेला आणि दुसरा आणला. तोही टाकला. मग हात झटकत आत्यापाशी आला.

"हे बघ ताई, मी काही बोलत नाही," तो म्हणाला, आणि खरंच काही बोलला नाही. हे पहिल्यांदाच घडत होतं. थोड्या वेळानं तो दोराकडे बघत म्हणाला, "उद्या कोणी म्हणायला नको, की हलक्या दगडांवर खरं झालं."

आत्यानं त्याच्या टकलावरचा तागाचा तंतू काढला.

दिवस मावळेपर्यंत दोर तसाच राहिला. गुरुजींनी उठून त्याला हात लावला, घसा साफ केला आणि म्हणाले, "खुंटाऽऽ. या खुंट्यावर विचार करायला हवा. खुंटा म्हणजे, मला वाटतं, श्रद्धा."

"खुंटा म्हणजे खुंटा, गुरुजी," आत्या म्हणाली. "पण तुम्ही करा प्रवचन. त्या म्हाताऱ्याला बरं वाटतं."

खुंटा बाळनंच पुरला. कोणाला न सांगता, दुसऱ्या सकाळी, घोडीच्या मागे. त्याला दोर गुंडाळून सोडता येईल अशी खोबणही केली. आत्या त्याच्या शेजारी उभी राहून सांगायची, आता सोड, आता धर. पहिले काही दोर गाठाळ निघाले आणि बाळ त्या दोरांना उद्देशून जे बोलला ते कोणत्याच गाण्यात येणार नाही. मग जमलं.

चिमणी निघाली त्या दिवशी वहिनीनं इतक्या पुरचुंड्या बांधून दिल्या होत्या की मिस्त्रीणबाईंना ही राहायला आली की दुकान टाकायला, असा प्रश्न पडावा. चिमणी आत्याच्या पाया पडायला वाकली तर आत्यानं तिला अर्ध्यातच उभी केली. "कंबर सांभाळ. आपल्या घरातल्या कमरा नाजूक असतात."

"आत्या, तू रागावली नाहीस ना?"

"कशाला?"

"तू धरलंस, आणि मी..."

"मी धरलं नसतं तर सोडलं काय असतं?" आत्या म्हणाली. "जा. बोट सुटेल."

चिमणी निघाली. पण पाठ करून नाही. दोरवाल्यांची पोर ती; तोंड घराकडे ठेवून, उलट्या पावलांनी, सूत कातत गेल्यासारखी रस्ताभर मागे मागे गेली. एका फळवाल्याला धडकली, त्याची माफी मागितली, पण वळली नाही. आत्या दारात उभी होती, नेहमीसारखी किंचित मागे रेललेली. ती ओठांतल्या ओठांत ओळ म्हणत होती, आणि प्रत्येक ओळीला तिकडे एक पाऊल पडत होतं.

कोपऱ्यावर चिमणी थांबली. आत्यानं हात वर केला आणि आवळलेली मूठ उघडली.

मग चिमणी वळली, आणि सरळ चालायला लागली.